शाळेची घंटा आणि एकच बूट : निघायच्या आधीची दहा मिनिटं जातात कुठे?

उशीरकर

प्रश्न सरळ आहे. दोघांची न्याहारी झालीय, दप्तरं भरलीत, घड्याळात अजून दहा मिनिटं शिल्लक दिसताहेत. आणि तरी आम्ही शाळेपाशी पोचतो तेव्हा फाटक लागलेलं असतं. ही दहा मिनिटं जातात कुठे?

मोठी दुसरीत आहे, धाकटा साडेचार वर्षांचा, बालवर्गात. मोठीला स्वतःचं स्वतः आवरता येतं, पण येतं म्हणून ती आवरते असं नाही. एका पायात मोजा चढवून झाला की तिला पलंगाखाली कधीतरी काढलेलं चित्र सापडतं आणि मग त्यातल्या घराला धुराडं काढायचं राहिलंय हे लक्षात येतं. धाकट्याचं सगळं 'मी करणार'. शर्टाचं बटण मी लावलं तर तो ते काढतो आणि पहिल्यापासून सुरू करतो. एक तयार होतो तोवर दुसऱ्याचे बूट पायातून निघालेले असतात. बेडूक तराजूत तोलणं म्हणतात ते हेच.

कामांची यादी केली तर एकही काम पाच मिनिटांच्या वरचं नाही. कागदावर बेरीज अर्धा तास. प्रत्यक्षात तास उलटून जातो.

कृपया 'लवकर उठा' असं कुणी लिहू नये. उठून पाहिलंय. लवकर उठलं की सगळे त्या हिशोबाने सैलावतात आणि उशीर होता तेवढाच राहतो.

---

तिसरीघंटा

आधी हजेरी लावते, मग वाचते. आमच्याकडेही हेच, फक्त मोज्याच्या जागी केसांची पिन. बूट नेहमी एकच सापडतो हे कुणीतरी शास्त्रात घालायला हवं.

---

निवांतराव

रात्री लवकर झोपवा. सकाळ आपोआप सुधारेल. एवढा मोठा धागा कशाला?

---

उशीरकर

निवांतराव, 'झोपवा' हे क्रियापद फार सोपं दिसतंय तुम्हाला. घरी सध्या पाच वर्षांखालचं कुणी आहे का?

---

निवांतराव

नाही. आमचे चिरंजीव कॉलेजात आहेत. आता ते झोपतच नाहीत.

---

घड्याळजी

उशीरकर, तुमची कागदावरची बेरीज चुकते याला नाव आहे, आणि ते फक्त मुलांच्या बाबतीत घडत नाही. कानमन आणि ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये हा दोष मांडला: कामाला लागणारा वेळ माणूस हमखास कमी धरतो, तेच काम मागच्या खेपेला किती लांबलं हे माहीत असूनही. १९९४ मध्ये ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर होतं सुमारे ३४ दिवस. सगळंच बिघडलं तर? सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे 'सगळं बिघडलं तर' हा अंदाजसुद्धा कमीच पडला.

तुम्ही कामांची बेरीज केलीत, पण दोन कामांच्या मधली जागा शून्य धरलीत. दात घासायला पाच मिनिटं, कपड्यांना पाच. पण न्हाणीघरातून कपड्यांपर्यंत यायला? लहान मुलाच्या वाटेत मांजर असतं, खिडकी असते, भाऊ असतो. तुमची दहा मिनिटं बहुतेक तिथेच सांडताहेत. एखाद्या दिवशी काहीही न बदलता नुसतं घड्याळ लावून बघा. कामाला किती वेळ गेला आणि मध्ये किती, हे वेगवेगळं लिहा.

आणि हिशोब उलटा करा. फाटक लागायची वेळ, त्यातून रस्ता वजा, त्यातून बूट-दार-जिना वजा. जी वेळ उरेल ती 'निघायची' वेळ. बहुतेक घरांत 'निघायची वेळ' म्हणजे आईने पहिल्यांदा "चला!" ओरडायची वेळ असते.

---

तिसरीघंटा

>>आईने पहिल्यांदा "चला!" ओरडायची वेळ<<

हे वाचून नवरा हसला. त्याला आता उद्यापासून दुसऱ्यांदा ओरडायचं काम दिलंय.

---

बालवर्गबाई

मी या मुलांना फाटकाच्या आतल्या बाजूने बघते, म्हणून थोडं लांबट लिहिते.

चार-पाच वर्षांच्या मुलाला "दहा मिनिटांत निघायचंय" हे वाक्य कळतं, त्यातली दहा मिनिटं कळत नाहीत. मिनिट त्याला दिसत नाही. त्याला काय आधी आणि काय नंतर हे कळतं. म्हणून "पाच मिनिटांनी बूट" याऐवजी "ही गाडी पुलावरून गेली की बूट" असं सांगा. वाळूचं घड्याळ किंवा उरलेला वेळ रंगात कमी होताना दिसेल असं घड्याळ चालतं, कारण तिथे वेळ डोळ्यांना संपताना दिसते. काट्यांचं घड्याळ आमच्याकडेही भिंतीवर आहे, पण त्याच्याकडे फक्त मी बघते.

दुसरं, एका दमात चार हुकूम सोडू नका. "दात घास, कपडे घाल, दप्तर घे आणि बाटली विसरू नकोस" यातलं एखादंच काम हातात राहतं, बाकीची वाटेत गळतात. करतंय ते सोडून दुसऱ्या कामाकडे वळणं, मधला मोह टाळणं, पुढची पायरी मनात धरून ठेवणं, ही सगळी मेंदूच्या पुढच्या भागाची कामं, आणि तो भाग पुरता पिकायला पंचविशी उजाडते. म्हणून मोजा घालता घालता चित्रात रमणाऱ्या मुलीवर चिडून उपयोग नाही. एक काम सांगायचं, ते झालं की पुढचं. आणि स्वयंपाकघरातून हाका मारायच्या नाहीत. जवळ जायचं, खांद्यावर हात ठेवायचा, डोळ्यांत बघून सांगायचं. यात वेळ जातो असं वाटतं. सात हाका मारण्यात जास्त जातो.

तिसरं, 'मी करणार' वाल्यांसाठी. अख्खं काम त्याच्यावर सोडलं तर उशीर, अख्खं आपण केलं तर रडारड. मग शेवटची पायरी त्याची. चेन आपण अडकवायची, वर त्याने ओढायची. मोजा टाचेपर्यंत आपण, वर त्याने. ते जमलं की त्याच्या आधीची एक पायरीही त्याला द्यायची. काम पुरं केल्याचं समाधान त्याचं आणि वेळ आपल्या हातात. बटणं खालून वर लावायला शिकवा. खालच्या कडा जुळलेल्या दिसतात, त्यामुळे शेवटी एक बटण उरलं आणि काज संपली असं होत नाही. नाडीच्या बुटांचा हट्ट नको, बहुतेकांना गाठ मारणं पाच-सहा वर्षांनंतरच जमतं. चिकटपट्टीचे बूट घ्या. उलटसुलट पायात जात असतील तर एका चित्राचे दोन तुकडे करून दोन्ही बुटांच्या आत चिकटवा. बूट शेजारी ठेवल्यावर चित्र जुळलं की पाय बरोबर.

---

कापूसकोंड्या

बाई, बुटातल्या चित्राला शंभर गुण. आत्ताच चिकटवून आलो.

---

आजोबा_फाटकापाशी

आमच्या वेळी ही थेरं नव्हती, असं लिहायला बसलो होतो. पण नातवाला हल्ली मीच सोडतो, आणि गंमत अशी की माझ्याबरोबर तो वेळेवर पोचतो. सुनेबरोबर निघाला की उशीर. तिच्यात काही कमी नाही. तिला पुढे तिचं ऑफिस गाठायचं असतं, मला कुठेच जायचं नसतं. तो जिन्यात मुंगी बघायला थांबला तर मीही बघतो. मुंगी अर्ध्या मिनिटात संपते. सून "चल, चल" म्हणते तेव्हा तो तिथेच फतकल मारतो आणि मग पाच मिनिटं जातात.

आता सगळ्यांना रिकामटेकडा म्हातारा परवडत नाही हे खरं.

---

मोजेवाली

'शिस्त लावा' म्हणणारे यायच्या आधी लिहिते. माझ्या मुलाला मोज्याची शिवण बोटांवर टोचते. तुम्हाला आम्हाला जाणवणारही नाही अशी शिवण. त्याला ती इतकी बोचते की तो पाय आपटून रडतो. नवीन गणवेशाच्या कॉलरचं लेबल, ओला पट्टा, घट्ट बांधलेले केस, यातलं काहीही सकाळ मोडू शकतं. लोक म्हणतात नाटकं करतो. नाटक रोज पहाटे एकाच जागी, एकाच शिवणीवर होत नाही.

आम्ही मोजे उलटे घालतो, शिवण बाहेर. लेबलं कापली. नवे कपडे दोन-तीनदा धुतल्याशिवाय शाळेच्या दिवशी अंगावर चढत नाहीत. कुठला मोजा चालेल याचा निकाल रात्रीच लागतो, कारण सकाळी कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. मूल रोजच इतकं हैराण होत असेल, किंवा शब्दश: प्रत्येक पायरीवर हरवत असेल, तर डॉक्टरांच्या कानावर घाला. सगळंच 'वयाप्रमाणे' नसतं.

---

उशीरकर

मोजेवाली, हे लिहिल्याबद्दल खूप आभार. धाकटा एका विशिष्ट शर्टालाच नाही म्हणतो. लेबल बघते.

---

अर्धवटझोप

निवांतरावांची बाजू घ्यायची माझी अजिबात इच्छा नव्हती, पण झोपेचा मुद्दा सोडता येत नाही.

अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या झोपेच्या डॉक्टरांच्या संस्थेने २०१६ मध्ये वयानुसार तास सांगितले. ३ ते ५ वर्षं : दिवसरात्र मिळून १० ते १३ तास, दुपारची झोप धरून. ६ ते १२ वर्षं : ९ ते १२ तास. आता साडेसहाला उठणाऱ्या साडेचार वर्षांच्या मुलाचा हिशोब करा. दुपारी झोपत नसेल तर रात्री साडेआठला त्याला गाढ झोप लागलेली हवी, तेव्हा कुठे किमान दहा भरतात. साडेआठला दिवे मालवायला घेतले तर नाही.

दुसरी गोष्ट उजेडाची. २०१८ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी ३ ते ५ वर्षांच्या दहा मुलांना झोपायच्या आधीचा तासभर प्रखर उजेडात खेळवलं. झोप आणणारं मेलाटोनिन सुमारे ८८ टक्क्यांनी घटलं आणि उजेड बंद केल्यावरही पाऊण-एक तास बहुतेकांचं पूर्ववत झालं नाही. मुलं दहाच होती, त्यामुळे आकड्याला चिकटून राहू नका. पण लहानांच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या आणि आतली भिंगं स्वच्छ असतात, उजेड त्यांच्यात आपल्यापेक्षा जास्त शिरतो, हे खरंच. रात्री जेवणानंतर घरातले मोठे दिवे बंद, सकाळी पडदे सताड उघडे. फुकटातला उपाय आहे.

आणि डोळे उघडले म्हणजे मूल जागं झालं असं नसतं. झोपेची गुंगी उतरायला १५ ते ३० मिनिटं सहज लागतात, मोठ्यांनाही. त्या वेळात त्याला प्रश्न विचारू नका. "कुठला रुमाल हवा?" याला गुंगीत एकच उत्तर असतं, 'कुठलाच नको'.

---

दोनपिल्लं

आणि मग हीच मुलं रविवारी पहाटे सहाला छातीवर येऊन का बसतात, याचंही शास्त्र सांगा.

---

अर्धवटझोप

सांगतो. लहान मुलं मुळात पहाटपक्षीच असतात. उशिरा झोपायचं आणि उशिरा उठायचं ते वळण पौगंडावस्थेत लागतं, विशीच्या आसपास कळस गाठतं, निवांतरावांचे चिरंजीव त्याच टप्प्यावर आहेत. तेव्हा पाच वर्षांचं मूल सकाळी उठतच नसेल तर एकतर झोप पुरत नाहीये, किंवा उठल्यावर समोर काय वाढून ठेवलंय ते त्याला ठाऊक आहे. रविवारी उठल्यावर कुणी "चल चल" करत नाही.

---

सांजवेळ

बराच वेळ नुसती वाचत होते. साडेआठच्या झोपेबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही दोघंही साडेसातला घरात पाऊल टाकतो. मुलगी दिवसभर आधी शाळेत, मग पाळणाघरात. साडेआठला झोपलेली हवी तर आठला अंथरुणात. म्हणजे जेवण, अंघोळ, गृहपाठ, सगळं धरून माझ्या वाट्याला माझं मूल अर्धा तास. त्या अर्ध्या तासात मी तिला घाई करू? ती साडेनऊपर्यंत अंगावर लोळते, गोष्ट सांग म्हणते, पुन्हा पाणी मागते. मला कळतं ती झोप लांबवतेय. मीही लांबवते. दिवसभरातली आमची हीच तर वेळ. मग सकाळी दोघीही चिडचिड्या.

झोपेचे तक्ते बरोबर असतील. ते लिहिणाऱ्यांनी पालकांच्या कामाचे तासही एकदा त्या तक्त्यात घालून बघावेत.

---

तिसरीघंटा

सांजवेळ, अगदी अगदी. आमच्या घरातलंच लिहिलंस गं.

---

निवांतराव

सांजवेळताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या वेळी माझी आई घरी होती, मुलाला तीच झोपवायची. मी फक्त 'झोपला का' विचारायचो. पहिला प्रतिसाद जरा उतावळाच होता.

---

दोनपिल्लं

सांजवेळ, आमच्याकडेही असंच होतं, जुळी आहेत म्हणून दुप्पट. आम्ही केलं ते सगळ्यांना जमेल असं नाही. लाडाची वेळ रात्रीवरून थोडी सकाळकडे सरकवली. रात्री गोष्ट एकच, पण सकाळी गजर लागला की कुणीही लगेच उठत नाही. पंधरा मिनिटं चौघं एकाच पांघरुणात. कुणी काही बोलत नाही, कुणाला काही विचारायचं नाही. म्हणजे अर्धवटझोप म्हणतात ती गुंगीही तिथेच उतरते. उशीरकर, तुम्ही म्हणता लवकर उठून वेळ वाया जातो. तो मोकळा सोडला की जातोच. आम्ही लवकर उठतो ते आवरायला नाही, लोळायला. आवरायला लागणारा वेळ पूर्वीएवढाच आहे, फक्त आता कुणी पायाला मिठी मारून बसत नाही.

बाकी व्यवहाराचं सांगायचं तर आम्ही दात घासायचे ब्रश आणि कंगवा दाराजवळच्या बेसिनपाशी आणून ठेवला. न्याहारी झाल्यावर मुलांना पुन्हा आत पाठवायचंच नाही. आत गेलेलं मूल परत येत नाही.

---

उशीरकर

>>आत गेलेलं मूल परत येत नाही<<

हे मी फळ्यावर लिहून ठेवणार आहे.

---

कापूसकोंड्या

मी एक धाडसी उपाय सांगतो, शिव्या घालू नका. आमचं बाळ रात्रीच शाळेचा टीशर्ट घालून झोपतं. खेळाच्या दिवशी पँटसुद्धा. सकाळी फक्त तोंड, केस, बूट.

---

निवांतराव

शी!

---

मोजेवाली

शी कशाला? स्वच्छ कपडे, स्वच्छ अंथरूण. कुणाला कळतंय?

---

बालवर्गबाई

आम्हाला कळतं. पाठीवर उशीच्या सुरकुत्या असतात. पण वर्गात वेळेवर आलेलं सुरकुतलेलं मूल मला कधीही चालेल.

---

तिसरीघंटा

चिकटचित्रांबद्दल कुणाचं काय मत? स्वतःहून तयार झाली की तक्त्यावर एक तारा. माझी बहीण म्हणते हे लाच देणं आहे.

---

घड्याळजी

बहिणीच्या म्हणण्याला आधार आहे, पण अर्धाच. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवर्गातल्या मुलांवर प्रयोग केला. ज्यांना चित्रं काढायला मुळातच आवडायचं त्यांना 'काढलंस तर बक्षीस' असं आधी सांगितलं. पुढे मोकळ्या वेळात ती मुलं पूर्वीपेक्षा कमी चित्रं काढू लागली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं त्यांचं तसं झालं नाही. म्हणजे आवडीच्या कामाला बक्षीस लावलं की आवड उतरू शकते. आता तुमच्या मुलीला मोजे घालण्याची उपजत आवड असेल तर तारे देऊ नका.

गंमत सोडा. तारा सवय लागेपर्यंत बरा, मग हळूहळू सोडून द्यायचा. दोघा भावंडांत 'कोण आधी' अशी शर्यत मात्र नको. हरणाऱ्याचं रडणं निघायच्या वेळेत मोजावं लागतं.

---

दोनपिल्लं

शर्यतीबद्दल +१. जुळ्यांच्या घरी तर हा शब्दसुद्धा उच्चारत नाही.

---

सांजवेळ

मोबाइलवर कार्टून लावून भरवणारे कुणी आहेत का इथे? मी आहे. घास भराभर जातात.

---

बालवर्गबाई

जातात. पण बंद करताना जे होतं त्याचे घासही मोजा. लावायचंच तर बूट घालून, दप्तर पाठीला लावून झाल्यावर लावा, निघेपर्यंत. मग ते बंद होणं म्हणजे दार उघडणं. आणि मध्येच नको, भाग संपल्यावरच बंद. पण खरं सांगू का, सकाळी नसलेलंच बरं.

---

आजोबा_फाटकापाशी

एक विचारतो. इथे नव्वद टक्के आयाच लिहिताहेत. बाबालोक कुठे आहेत?

---

कापूसकोंड्या

मी बाबा आहे हो. टीशर्टवाला.

---

उशीरकर

आजोबा, बरं काढलंत. आमच्याकडे बाबा सकाळी असतो, करतोही. पण "आज कुठला गणवेश?", "बाटली कुठली?", "सही कुठे करायचीय?" हे सगळं मला विचारून. बुधवारी खेळाचे बूट हे माझ्या डोक्यात साठवलेलं. त्याचे हात चालतात, डोकं माझंच चालतं.

---

दोनपिल्लं

आम्ही एक मूल तू, एक मी असं आधी वाटून घेतलं होतं. त्यातही विचारणा होतच राहिली. मग दिवस वाटले. त्याच्या दिवशी मी मुलांच्या खोलीत पाऊलच टाकत नाही. सुरुवातीला एकदा दोघींना वेगवेगळ्या रंगाचे मोजे घालून पाठवलं. शाळा पडली नाही.

---

कापूसकोंड्या

एक जरा गंभीर. उशीर झाला की आपण रस्त्यावर तो भरून काढायला जातो. हिशोब करा : पाच किलोमीटर, वाटेत कुठेही थांबावं लागलं नाही असं धरलं तरी ताशी ४० ने साडेसात मिनिटं, ५० ने सहा. जिवावर उदार होऊन वाचलं काय, तर दीड मिनिट. सिग्नल आणि वळणं धरली तर तेही नाही. पट्टा किंवा हेल्मेट 'आजच्या दिवस' सोडायचं नाही. ते लावायला काही सेकंद लागतात.

आणि नेहमीचा माणूस बदलला, म्हणजे रोज आई सोडते आणि आज बाबा, तर मागे झोपलेलं मूल विसरण्याचे प्रकार खरंच घडलेत, चांगल्या, काळजीवाहू लोकांकडून. त्या दिवशी आपली बॅग किंवा मोबाइल मागच्या सीटवर मुलाजवळ ठेवा. गाडीतून उतरताना मागे बघावंच लागतं.

---

मोजेवाली

+१. आणि शाळेनेही फोन करावा, मूल न कळवता गैरहजर असेल तर. बाई, तुमच्याकडे करतात का?

---

बालवर्गबाई

करतो. पहिल्या तासातच. ज्यांच्या शाळेत करत नाहीत त्यांनी ते मागून घ्यावं.

आणि आता विषय फाटकाचा निघालाच आहे तर, उशीर होतो तेव्हा वर्गात काय होतं ते सांगते. पहिल्या दहा मिनिटांत आम्ही गोलात बसतो, आज कोण आलं, आज काय करायचं हे बोलतो. उशिरा आलेलं मूल दारात उभं राहतं आणि सगळा गोल त्याच्याकडे बघतो. काहींना ते आवडतं! काही मात्र तिथेच थिजतात आणि मग सकाळभर "आता काय?" विचारत राहतात, कारण दिवसाचा नकाशा त्यांच्या हाती आलेलाच नसतो.

घाईत आणलेल्या मुलाचा निरोपही घाईत होतो. पालक एकतर ढकलून पळतात किंवा अपराधी वाटून दहा वेळा मागे वळतात. दोन्हींनी रडू वाढतं. ठरलेला, छोटा, रोज तोच निरोप ठेवा. एक मिठी, एक वाक्य, "जेवणानंतर मी न्यायला येते", आणि निघा. गुपचूप सटकू नका, मग ते मूल दुसऱ्या दिवशी घरातून निघतानाच चिकटून बसतं. तुमच्यापैकी ज्यांची मुलं फक्त बुटांपाशी अडतात त्यांनी हे जरा तपासून बघा. बूट म्हणजे आईपासून लांब जाणं, हे त्यांनाही कळतं.

---

सांजवेळ

बूट... हो. रविवारी बागेत जायचं असलं की तेच बूट स्वतः घालते.

---

उशीरकर

सगळ्यांचे आभार, धागा अपेक्षेपेक्षा फारच कामाचा निघाला. घड्याळजींनी सांगितलं तसं मधल्या जागा मोजल्या. कामं खरंच अर्ध्या तासात होतात! बाकी सगळं खोलीतून खोलीत जाण्यात आणि मधल्या वाटाघाटीत. शेवटची दहा मिनिटं तर पूर्ण दाराच्या आत : बाटली भरायची, केस राहिलेत, एक बूट, मग शू. त्यामुळे आता बाटल्या रात्री, केस न्याहारी करताना खुर्चीवरच, शू बुटांच्या आधी. कंगवा दाराशी आणला. बुटांत अर्ध्या हत्तीचं चित्र. शर्टाचं लेबल कापलं आणि शर्टाचं भांडण मिटलं. मोजेवाली, त्याबद्दल तुम्हाला खास धन्यवाद.

मोठीला एकेक काम सांगणं अवघड जातंय, कारण दर वेळी मला तिच्यापर्यंत चालत जावं लागतं. पण हाका कमी झाल्या. फाटक अजून कधीतरी लागलेलं सापडतं, रोज नाही.

पंधरा मिनिटं लोळण्याचं अजून जमलेलं नाही. धाकटा लोळत नाही, उड्या मारतो.

---

निवांतराव

अभिनंदन. रात्री किती वाजता झोपतो धाकटा?

---

उशीरकर

निवांतराव!!

---

तिसरीघंटा

धाग्याचा विषय थोडा ताणते. आत्ता रात्रीचे पावणेदहा वाजलेत आणि दात घासता घासता आमच्या कन्येला आठवलंय की उद्या शाळेत पाच वेगवेगळ्या आकारांची वाळलेली पानं आणि एक पीस न्यायचंय. पानांचं बघते. पिसाचं काय करू?

---

कापूसकोंड्या

उशी फाडा.

---

बालवर्गबाई

फाडू नका. पाच पानं पुरेत, पिसाचं बाईंना चिठ्ठीत लिहा. आणि हो, चिठ्ठी आत्ताच दप्तरात टाका.